गोऱ्या माणसाची माशी

फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस, आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर, माझ्या भाचीचे घर आहे. घरामागे सुमारे तीन गुंठ्यांचे परस आहे. आणि त्या परसात, तुळशीच्या कुंडीच्या उजव्या-डाव्या अंगास, दसऱ्यापर्यंत फुले पुरावीत अशा हिशेबाने तिने झेंडूचे दोन वाफे लावले आहेत. गेल्या जुलै महिन्यात मी तिच्याकडे मुक्कामास गेलो, विमानप्रवासाने आंबलेले अंग घेऊन पहिल्याच सकाळी परसात उतरलो, आणि तो केशरी संभार दृष्टीस पडताच, सातासमुद्रांपलीकडेही आमच्या फुलाने आपले ठाणे बसवले की काय, अशा अर्थाचे काही अभिमानाचे उद्गार माझ्या तोंडून निघाले. भाची हसली. "उलटं आहे, मामा," ती म्हणाली. "हे फूल इकडून तिकडे गेलंय. आपणच त्याला घरचं समजून बसलो."

ते खरेच होते. झेंडूची जन्मभूमी मेक्सिको. युरोपीयांच्या गलबतांतून ते जगभर गेले. इंग्रजांनी त्याला आफ्रिकेचे रहिवासी ठरवून तशाच अर्थाचे चुकीचे नाव दिले. आणि आपण त्याची तोरणे इतक्या निष्ठेने दारावर बांधली, की रामाने लंकेहून परत येताना अयोध्येच्या वेशीवर झेंडूच्याच माळा पाहिल्या असाव्यात, असे आपल्या मनाने केव्हाच गृहीत धरले आहे. मी परसात खुर्ची टाकून बसलो तो हा अपमान गिळण्यासाठी. त्यानंतरचे सहा आठवडे मी बहुतेक त्याच खुर्चीवर, आणि उरलेले त्या खुर्चीवर पडलेल्या प्रश्नांचा माग काढीत घालवले.

पहिला माग झेंडूचाच होता, आणि तो मला थेट वॉशिंग्टनच्या सेनेटगृहात घेऊन गेला. इलिनॉय राज्याचे सेनेटर एव्हरेट डर्कसन हे रिपब्लिकन पक्षाचे तेथील नेते. आवाज असा खर्जातला आणि वक्तृत्व असे पल्लेदार, की विरोधकही ऐकण्यासाठी थांबत. १९६४ सालच्या नागरी हक्कांच्या कायद्याची कोंडी फोडण्यात ह्यांचा वाटा मोठा होता. एवढ्या भारदस्त मनुष्याने आयुष्याची शेवटची सुमारे दहा वर्षे जवळजवळ प्रतिवर्षी सभागृहात उभे राहून एक ठराव मांडला, तो हा, की झेंडू हे संयुक्त संस्थानांचे राष्ट्रीय पुष्प म्हणून घोषित व्हावे. त्यांचे म्हणणे साधे होते: हे फूल ह्याच खंडातले आहे, पन्नासही राज्यांत उगवते, आणि त्याला फारशी मनधरणी लागत नाही. मेन राज्याच्या सेनेटर मार्गारेट चेस स्मिथ ह्या नित्य गुलाब माळून येणाऱ्या बाई. त्यांचा कौल अर्थातच गुलाबाला. हा सभ्य तंटा वर्षानुवर्षे चालला. १९६९ साली डर्कसन निवर्तले, तेव्हा सभागृहातील त्यांच्या रिकाम्या मेजावर झेंडूचे एक फूल ठेवले, ते स्मिथबाईंनी. पुढे १९८६ साली अध्यक्ष रेगन ह्यांच्या सहीने गुलाबालाच राष्ट्रीय पुष्पाची सनद मिळाली; झेंडूकडे राहिले ते डर्कसन ह्यांचे जन्मगाव पेकिन, तेथील त्याचा उत्सव, आणि सेनेटच्या कामकाजातील दहा वर्षांची पाने.

डर्कसन ह्यांच्यामागे जो मनुष्य उभा होता तो ह्याहून गमतीचा. डेव्हिड बर्पी हा फिलाडेल्फियाचा बियाणांचा व्यापारी. बापाने १८७६ साली काढलेली पेढी त्याने वाढवली. पेढीचे मानाचे फूल स्वीट पी. त्याला मुळाच्या रोगाने ग्रासले, तेव्हा बर्पीने सारा डाव झेंडूवर लावला. गिऱ्हाइकांची तक्रार वासाची होती, म्हणून पश्चिम चीनकडील एका मिशनऱ्याने पाठवलेल्या बियांतून त्याने पानांना वास नसलेला झेंडू पैदा केला. (वासावाचून झेंडू म्हणजे मिरमिरीवाचून मोहरी, पण गिऱ्हाईक हा राजा.) एवढ्याने समाधान न होऊन १९५४ साली त्याने जाहीर केले, की शुभ्र पांढऱ्या झेंडूचे बी जो कोणी आणून देईल त्याला दहा हजार डॉलर रोख. देशभरच्या हौशी बागवानांनी आपापल्या वाफ्यातील सर्वांत फिक्या फुलाचे बी राखून, पुन्हा पेरून, पुन्हा सर्वांत फिके निवडून, एकवीस वर्षे हा उद्योग केला. आणि १९७५ साली ते बक्षीस आयोवा राज्यातील सली नावाच्या लहानशा गावच्या ॲलिस व्हॉंक ह्या बाईंना मिळाले. कृषिविद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. परस, पाण्याची झारी आणि चिकाटी, एवढेच भांडवल. आपल्याकडे तांदळाच्या वाणांची निवड करीत आलेल्या कोकणातल्या आज्यांना हे सांगितले, तर त्यांना ह्यात बातमी काय हेच कळणार नाही.

एक गोष्ट मात्र ह्या साऱ्या प्रकरणात कोणी विचारात घेतलेली दिसत नाही. मी सलग चार सकाळी त्या झेंडूच्या वाफ्यापाशी बसलो, आणि चार सकाळींत त्यावर उतरलेल्या माश्या बोटांवर मोजता आल्या. कारण दूरचे नाही. साध्या, एकेरी झेंडूच्या मध्यभागी बारीक नळीदार फुलांचा पुंजका असतो. मकरंद आणि पराग तिथे असतो. गेंदेदार झेंडू हवा म्हणून माणसाने निवड केली, आणि त्या निवडीत मधल्या नळ्यांच्या पाकळ्या झाल्या. दुकानाची पाटी मोठी झाली, आत माल नाही. माशीला पाटी वाचता येत नाही. ती आत डोकावते आणि निघून जाते.

ती जात होती कोठे, हे पाहण्यासाठी मी खुर्ची हलवली. परसाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणालगत, कमरेएवढ्या उंचीची लाल झुपकेदार फुले होती. चुरगळलेल्या पानाला पुदिना आणि संत्र्याची साल ह्यांच्या मधला वास. ह्या झाडाला आज मधमाशीच्या नावाने ओळखतात, जुने नाव ऑस्वेगोचा चहा. केसाळ, जाडजूड भुंगे त्या झुपक्यावर तिरपे लटकून लांब जीभ नळीत घालीत. काळे तुळतुळीत लाकूडकोरे भुंगे, ज्यांची जीभ तितकी लांब नाही, ते नळीच्या बुडाशी भोक पाडून मकरंद चोरीत आणि परागाचा धारा न भरताच पसार होत. आणि दिवसातून पाचसहा वेळा एक हमिंगबर्ड येई. पण त्याच्याविषयी पुढे.

ऑस्वेगोच्या चहाचा माग काढीत मी शहराच्या नैर्ऋत्येस गेलो. ट्राममधून उतरून, जुन्या वखारी आणि ओस मैदाने ओलांडून, स्कूलकिल नदीच्या काठावर एक उतरती बाग लागते; ती जॉन बार्ट्रमची. १६९९ साली जन्मलेला हा क्वेकर पंथाचा शेतकरी, शिक्षण बेताचे, १७२८ साली त्याने लिलावात ही जमीन घेतली, स्वतःच्या हाताने दगडी घर बांधले, आणि शेतीतून सवड काढून घोड्यावरून हजारो मैल रपेट करून रानातील झाडे आणून लावली. लंडनमधील कापडाचा व्यापारी पीटर कॉलिन्सन हा त्याचा पत्रमित्र आणि अडत्या. इंग्लंडातील उमरावांना अमेरिकेच्या झाडांचे वेड लागले होते. बार्ट्रम शंभरएक जातींच्या बियांची पेटी भरून धाडी, पेटीला पाच गिनी दर. १७६५ साली तिसऱ्या जॉर्ज राजाने त्याला वनस्पतींचा शाही अधिकारी नेमून सालीना पन्नास पौंडांची तैनात बांधून दिली. राजापासून स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वसाहतीत राजाची तैनात खाणारा हा बहुधा सर्वांत निरुपद्रवी मनुष्य असावा.

हाच बार्ट्रम १७४३ साली ऑनटेरिओ सरोवराकाठच्या ऑस्वेगोच्या गढीपर्यंत गेला होता. तेथील लोक ह्या लाल फुलाच्या झाडाची पाने उकळून पितात असे त्याने पाहिले, बी आणले, आणि पुढल्या वर्षी ते कॉलिन्सनकडे रवाना केले. तीस वर्षांनी, १७७३ च्या डिसेंबरात, बोस्टनकरांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात लोटल्या, आणि खरा चहा पिणे हे राजनिष्ठेचे चिन्ह ठरले; तेव्हा कित्येक घरांतून हा रानचा चहा चुलीवर चढला. ही तीच कंपनी, जिने दोनच वर्षांनी पुणे दरबाराच्या भाऊबंदकीत रघुनाथरावाचा हात धरून मराठ्यांशी पहिले युद्ध मांडले. एका बंदरात तिचा माल बुडत होता आणि दुसऱ्या किनाऱ्यावर तिचे पाय रोवले जात होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही दोन प्रकरणे इतकी दूर छापलेली असतात, की त्यांचा कारकून एकच होता हे लक्षातच येत नाही.

बागेत एक रोपटेवजा झाड आहे, त्यापाशी मी सर्वांत अधिक वेळ उभा राहिलो. ऑगस्टचा मध्य होता. हाताएवढ्या पानांत पांढरी, मधोमध पिवळ्या केसरांची, किंचित सुगंधी फुले नुकती उमलू लागली होती. १७६५ साली जॉन आणि त्याचा मुलगा विल्यम ह्यांना जॉर्जियात अल्टमाहा नदीकाठी ह्या जातीचा एक लहानसा ताटवा आढळला. विल्यमने पुढे तेथून बी आणले, फिलाडेल्फियात ते रुजले, आणि कुटुंबाचा स्नेही बेंजामिन फ्रँकलिन ह्याच्या नावे झाडाचे बारसे झाले: फ्रँकलिनिया. १८०३ नंतर हे झाड रानात कोणालाही दिसलेले नाही. का नाहीसे झाले ह्याविषयी तर्क पुष्कळ, उत्तर नाही. आज पृथ्वीच्या पाठीवर जेथे जेथे फ्रँकलिनिया आहे ते सारे बार्ट्रमच्या परसातील बियांचे वंशज. हे झाड चहाच्याच कुळातले आहे. त्यावर त्या दिवशी एक केसाळ भुंगा आणि दोन मधमाश्या होत्या; अल्टमाहाच्या काठी ह्या फुलाला कोण भेटत असे, हे विचारण्याची सोय आता राहिलेली नाही.

१७८७ च्या जूनमध्ये, राज्यघटना घडवण्याच्या बैठका शहरात चालू असता, जॉर्ज वॉशिंग्टन ही बाग पाहून गेले आणि रोजनिशीत नोंद करून गेले, की झाडे कुतूहलाची आहेत, परंतु मांडणीत फारशी रसिकता नाही.  मला मात्र ती मांडणी आवडली. जिथे जे जगेल तिथे ते लावावे, हा एक स्वतंत्र रसिकतेचा प्रकार आहे, आणि माझ्या आजोळच्या परसात दुसरा कोणताही प्रकार नव्हता.

भाचीच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. त्यांच्या माश्या भाचीच्या परसात चरतात आणि वर्षाकाठी मधाच्या दोन बाटल्या हा त्याचा चराई-कर. मी त्यांना सहज विचारले, की ह्या माश्या इथल्याच ना? ते म्हणाले, "माझ्याइतक्याच इथल्या." ह्या उत्तराचा पूर्ण अर्थ कळायला मला दोन आठवडे लागले.

मधमाशी अमेरिकेची नाही. १६२२ साली इंग्लंडहून व्हर्जिनियास आलेल्या जहाजांतून ती आली, मेण आणि मध ह्यांसाठी. पेटीतली माशी पेटीत राहत नाही. घर फुटले की अर्धा संसार उडून जातो, पोकळ झाड पाहून बिऱ्हाड करतो. अशी बिऱ्हाडे करीत मधमाशी वसाहतींच्या पुढे पुढे पश्चिमेस सरकली, आणि ही गोष्ट नेमकी टिपली ती टॉमस जेफरसनने. व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या ग्रंथात तो सांगतो, की माशी गोऱ्यांच्या थोडी आधी पोहोचते, म्हणून मूळचे लोक तिला गोऱ्या माणसाची माशी म्हणतात, आणि ती रानात दिसली की वसाहत जवळ आली असे समजतात. मला ह्या नावात जेवढा इतिहास सापडला तेवढा कित्येक जाडजूड ग्रंथांत सापडला नाही. पानझडीच्या रानात, पहाटे, एका अनोळखी गुणगुणण्याने थबकलेला मनुष्य, आणि त्याने त्यावरून बांधलेला अचूक अंदाज: अजून बंदुकीचा आवाज नाही, कुऱ्हाडीचा नाही, पण मोजणीदार वाटेवर आहेत.

मोजणीदार आले म्हणजे काय होते, ह्याचे प्रात्यक्षिक १८३९ साली मिसुरी राज्य आणि आयोवा प्रदेश ह्यांच्या सरहद्दीवर झाले. प्रकरण असे. मिसुरीची उत्तर सीमा कायद्यात एका नदीच्या खळाळाच्या आधाराने सांगितलेली होती, आणि तो खळाळ नेमका कोणता, ह्याविषयी दोन मते होती. १८१६ साली सलिव्हन नामक मोजणीदाराने एक रेषा आखली. १८३७ साली मिसुरीने दुसऱ्याकडून उत्तरेस दुसरी आखून घेतली. मधली सुमारे नऊ मैल रुंदीची पट्टी दोघांचीही. मिसुरीचे वसूलदार तेथे कर मागू लागले, रहिवाशांनी त्यांना पिटाळले. आणि ह्याच गोंधळात मिसुरीकडील कोणी त्या पट्टीतली मधाच्या पोळ्यांची तीन झाडे तोडून मध नेला. रानातली अशी झाडे तेव्हाच्या वस्तीवाल्यांना दुभत्या गाईइतकी मोलाची. साखर दूर, मध घरचा, आणि मेणाला बाजारात रोख भाव. तंटा पेटला. मिसुरीचा शेरिफ पट्टीत आला, त्याला आयोवावाल्यांनी कैद केले. मग दोन्ही गव्हर्नरांना स्फुरण चढले. मिसुरीचे बॉग्ज ह्यांनी आधल्याच वर्षी मॉर्मन पंथीयांना राज्यातून हुसकावण्याचे फर्मान काढले होते. आयोवाचे लूकस हे पूर्वी ओहायोचे गव्हर्नर असताना मिशिगनशी अशाच एका सरहद्दीवरून भांडून चुकले होते. अनुभवी माणसे. दोघांनी आपापल्या शिबंदीस निघण्याचा हुकूम दिला. ऐन डिसेंबरात, बर्फात, पुरेसे तंबू नाहीत, अन्न नाही, बंदुका आहेत त्यांच्याकडे बंदुका आणि नाहीत त्यांच्याकडे शेतीची अवजारे. एकाने सॉसेज भरण्याचे लोखंडी यंत्रच खांद्यावर घेतले होते असे आयोवात आजही हसून सांगतात. समोरासमोर येण्याच्या आधीच सर्वांना घरची आठवण झाली, कोणी कोणावर गोळी झाडली नाही, प्रकरण वॉशिंग्टनकडे रुजू झाले, आणि १८४९ साली सर्वोच्च न्यायालयाने सलिव्हनची जुनी रेषा कायम करून पट्टी आयोवाला दिली. ह्या प्रकरणाला तिकडे मधाचे युद्ध म्हणतात.

हसून झाल्यावर एक गोष्ट उरते. पूर्व आयोवाची ती भूमी सॉक आणि मेस्क्वाकी लोकांची. १८३२ च्या युद्धानंतर त्यांच्याकडून ती लिहून घेतली गेली, त्या युद्धातला त्यांचा पुढारी ब्लॅक हॉक १८३८ साली, म्हणजे मधाच्या तंट्याच्या आदल्याच वर्षी, आयोवातच वारला. ज्यांची झाडे ते गेले. ज्यांची माशी ते त्या झाडांवरून भांडू लागले. खटल्यात वादी होता, प्रतिवादी होता, पुराव्यात तीन झाडे होती. तिसरा पक्ष नव्हता.

शेजाऱ्यांच्या चार पेट्यांविषयीही दोन शब्द. लोरेन्झो लँगस्ट्रॉथ हा फिलाडेल्फियात जन्मलेला धर्मोपदेशक. त्याच्या ध्यानात आले, की पोळ्यांच्या मधे सुमारे पाव ते तीन-अष्टमांश इंच एवढी फट ठेवली, तर माश्या ती मोकळी ठेवतात. कमी ठेवली तर डिंकाने लिंपतात, जास्त ठेवली तर तेथे पोळे बांधतात. एवढ्या निरीक्षणावर त्याने सुट्या चौकटींची पेटी केली, १८५२ साली तिचे पेटंट घेतले, आणि पुढे नक्कल करणाऱ्यांच्या मागे धावण्यात पैसा आणि प्रकृती दोन्ही घालवली. त्याच्या आधी मध काढायचा म्हणजे पोळे मोडायचे. महाबळेश्वरच्या मधपाळांच्या पेट्यांतही तीच फट आहे, माशी मात्र आपली, सातेरी.

व्हर्जिनियातील माँटिसेलो, जेफरसनचे घर, मी मुद्दाम पाहायला गेलो. भाचीने पाच तास मोटार चालवली. डोंगरमाथ्यावर घर, घराभोवती अंडाकृती वाफे आणि वळणावळणाची फुलवाट. १८०७ साली, अध्यक्षपदावर असताना, त्याने हा आराखडा केला. बागेच्या नोंदींची त्याची वही १७६६ साली सुरू झाली आणि ती तो जवळजवळ अखेरपर्यंत लिहीत होता. राज्यकारभाराच्या दप्तराहून तिच्यात तो अधिक आपलासा वाटतो. १८०७ मध्ये लावलेल्या फुलांत कार्डिनल नावाचे लालभडक फूल होते, आणि आजही पाणथळ वाफ्यात ते उभे असते. मधमाशीला लाल रंग नीटसा दिसत नाही; तिला ती काळसर नळी. ही नळी ज्याच्यासाठी आहे तो माझ्या डोळ्यांदेखत आला: वजन तीन ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या पाव तोळ्याएवढे, सेकंदाला पन्नासएक वेळा हलणारे पंख, नराच्या कंठावर माणकाचा तुकडा. आपला शिंजीर फुलापाशी डहाळी धरून बसतो. हमिंगबर्ड हवेतच उभा राहतो, चोच नळीत, कपाळ परागाखाली, आणि निघताना मागच्या मागे सरकतो. हा पक्षी केवळ अमेरिका खंडांचा. शरदात ह्यांतले कित्येक मेक्सिकोच्या आखातावरून, कुठेही न टेकता, सुमारे पाचशे मैल उडून जातात.

जेफरसनच्या वहीत फुले लावल्याच्या तारखा आहेत. खड्डे खणणारे हात वर्मली ह्यूज ह्याचे होते. १७८१ साली गुलामगिरीत जन्मलेला हा माँटिसेलोचा प्रमुख माळी. फिलाडेल्फियाहून आलेले कंद आणि बिया त्याच्या हाती पडत, कोणते कोठे जगेल हे त्याला ठाऊक असे. १८२६ च्या जुलैत, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या चार तारखेस, जेफरसन वारला. त्याची कबरही वर्मलीनेच खणली. पुढल्या जानेवारीत इस्टेटीचे कर्ज फेडण्यासाठी लिलाव झाला. त्याच्या जाहिरातीत १३० गुलामांची संख्या आहे, आणि वर्मलीची बायको नि मुले त्यांत होती. फुलवाटेवर हिंडताना ही गोष्ट मला भाचीने सांगितली, आणि त्यानंतर आम्ही मोटारीपर्यंत काही बोललो नाही.

परतल्यावर पुन्हा खुर्ची. कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, फिक्या जांभळ्या फुलांचे गोंडे असलेले एक उंच झाड होते. पान मोडले की पांढरा चीक. मी ते पाहताच ओळखले, म्हणजे त्याचे कूळ ओळखले: शनिवारी मारुतीला ज्याच्या पानांची माळ घालतात त्या आपल्या रुईचे हे थेट भाऊबंद. रुईप्रमाणेच ह्याचे पराग सुटे नसतात. दोन पिवळ्या पोतड्या एका चिमट्याने जोडलेल्या असतात, माशीचा पाय फटीत घसरतो, चिमटा पायाला अडकतो, आणि ती पोतड्या घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. दुबळी माशी पाय सोडवू न शकल्याने तेथेच मरते. आपल्या रुईवर जे तांबूस-काळे फुलपाखरू अंडी घालते, त्याचे सख्खे नात्यातले मोनार्क फुलपाखरू इथे ह्या झाडावर अंडी घालते, आणि त्याची शरदातली पिढी हजारो मैल उडून मेक्सिकोच्या डोंगरांतील देवदारासारख्या झाडांवर हिवाळा काढते. ती तेथे पोहोचते नोव्हेंबरच्या आरंभी, जेव्हा त्या देशात पितरांचे दिवस असतात आणि घराघरांत झेंडूच्या आराशी मांडलेल्या असतात. पितरच फुलपाखरे होऊन आले, असे तेथील लोक मानतात. आपल्याकडे तेव्हा दिवाळी आटोपत आलेली असते, आणि दारावर तेच फूल.

ह्या तणाला एकदा सरकारी चाकरीही घडली. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा घेतले आणि तेथून येणारा कपोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, बंद झाला. त्याच कापसाने खलाशांची तरती जाकिटे भरत. पर्याय म्हणून ह्या चिकाच्या झाडाच्या शेंगांतील म्हाताऱ्या पुढे आल्या: प्रत्येक केस पोकळ, वर मेणाचा लेप, पाणी शिरत नाही. १९४४ च्या शरदात शाळांची पोरे कांद्याच्या जाळीदार गोण्या घेऊन रस्तोरस्ती हिंडली. गोणीला पंधरावीस सेंट मिळत, आणि दोन गोण्यांत एका खलाशाचा जीव वाचतो असे त्यांना सांगितलेले असे. मिशिगनमधील पेटॉस्की गावी ह्यासाठी कारखाना उभा राहिला. आपण लहानपणी रुईच्या तशाच म्हाताऱ्या फुंकून उडवीत असू.

आता शेवटची माशी. भाचीच्या परसात झेंडूहून तिला अधिक प्रिय असलेली गोष्ट म्हणजे लाल भोपळ्याचा वेल. तोही मूळचा ह्याच खंडाचा, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोत माणसाने शेतीत घेतलेला. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. शेजाऱ्यांच्या मधमाश्या ऊन चढल्यावर आळसावत येतात; त्यांच्या कितीतरी आधी, उजेड फुटताफुटता, एक तपकिरी, मधमाशीएवढीच, एकटी राहणारी माशी येते. तिची मादी वेलाच्या आसपास जमिनीत बीळ करते आणि भोपळ्याच्या कुळाखेरीज कोणाचाही पराग पिलांना घालीत नाही. ती रानटी भोपळ्यांच्या दक्षिणेकडील प्रदेशातली. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरणाऱ्या शेतकऱ्यांच्या मागोमाग, पिढ्यान्‌पिढ्या शेतांतून शेतांत सरकत, ती उत्तरेस इथवर आली. म्हणजे हीदेखील कोणाच्या तरी पावलांमागून आलेली. ती कोणाची माशी हे जेफरसनला कोणी सांगितले नाही, आणि त्याने विचारलेही नाही.

फिलाडेल्फियाच्या ह्या मुलखात ती पावले लेनापे लोकांची. १७३७ साली ह्या वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन ह्याच्या मुलांनी एक जुना कागद पुढे केला, की दीड दिवसात मनुष्य चालेल तेवढी जमीन लेनाप्यांनी देऊ केलेली आहे; मग वाट साफ करून ठेवली, तीन सराईत चालणारे पैसे देऊन आणले, आणि त्यांतला एक दीड दिवसात साठ मैलांहून पुढे गेला. लेनापे म्हणत राहिले, की हे चालणे नव्हे, हे धावणे आहे. त्यांच्या शेतांतले भोपळे मागे राहिले, आणि भोपळ्यांमागे माशी.

निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भाचीने डाळीचे पीठ भिजवले आणि टोपली घेऊन ती वेलाकडे गेली. मला भोपळ्याच्या फुलांची भजी खाऊ घातल्याशिवाय ती सोडणार नव्हती. दिवसभर मिटून गेलेली नरफुले देठावर गुंडाळलेल्या विड्यांसारखी उभी होती. तिने एकाला हात घातला आणि थांबली. "मामा, इथे कान लावा."

मी वाकून कान लावला. मिटलेल्या फुलाच्या आत बारीक, चिडका गुणगुणाट होता. ह्या माशीचे नर दुपारच्या आत फुलातच शिरून झोपतात, आणि फूल त्यांच्याभोवती मिटते.

तिने ते फूल सोडले, पुढच्याला कान लावला, तेही सोडले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघे त्या वेलावर वाकून फुले ऐकीत होतो. चार मुकी निघाली, तेवढीच टोपलीत पडली. उरलेल्या पिठाचे तिने कांदा चिरून धिरडे घातले.